मोतीबिंदू पिकवून विमा वसूल करण्याचा सल्ला

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकांत गर्दी होते आणि त्याच सुमारास पेन्शनरांच्या हिताचे असे संदेश उगवतात, हे आता ठरून गेले आहे. या संदेशाचा मजकूर थोडक्यात असा : प्रत्येक निवृत्त शिक्षकाने दरमहा फक्त 250 रुपयांत डोळ्यांचा स्वतंत्र विमा घ्यावा, कारण त्यात दरवर्षी मोफत तपासणी आणि चष्म्यासाठी रक्कम मिळते, नेहमीच्या आरोग्य विम्यात मोतीबिंदू बसतच नाही, विमा घेण्याआधी डोळे मुळीच तपासू नयेत, म्हणजे कागदावर नोंद राहणार नाही, आणि मग दोन वर्षे थांबावे, कारण मोतीबिंदू पिकल्यावरच शस्त्रक्रिया चांगली होते, पासष्टीनंतर कोणतीही कंपनी विमा देत नाही, म्हणून घाई करावी, आणि वर 50,000 रुपयांचा कर वाचतो.

असले संदेश मी एरवी न वाचताच पुसतो. हा मात्र माझ्या थोरल्या वहिनींपर्यंत पोहोचला. त्या कोरेगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, त्यांना मधुमेह आहे, आणि या संदेशाच्या भरवशावर त्यांनी साताऱ्यातील डोळे तपासणीची ठरलेली वेळ रद्द केली. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईंनी ही वही न तपासता बरोबरची खूण कशी केली, हे मला अजून उमगलेले नाही.

तपासणी टाळण्याचा आणि मोतीबिंदू पिकवण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांत फार तर पैसे जातील. मोतीबिंदू म्हणजे आढीत घातलेला हापूस नव्हे. तो पिकू द्यावा ही समजूत जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे. आजच्या फेको शस्त्रक्रियेत धूसर झालेले भिंग ध्वनिलहरींनी फोडून बारीक छेदातून ओढून घेतात. भिंग जितके कडक झालेले असेल तितकी जास्त ऊर्जा वापरावी लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला इजा होण्याची शक्यता तितकी वाढते. फार पिकलेले भिंग फुगते किंवा झिरपते, त्यामुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मग साध्या शस्त्रक्रियेचे रूपांतर तातडीच्या शस्त्रक्रियेत होते. शस्त्रक्रिया कधी करायची, हे वाचणे, चालणे, जिना उतरणे यांत अडचण येऊ लागली का, यावर रुग्ण आणि डॉक्टर मिळून ठरवतात. विम्याच्या तारखेवर ते ठरत नाही.

त्याहून घातक आहे तो तपासणीच न करण्याचा सल्ला. तपासणीत फक्त मोतीबिंदू पाहत नाहीत. काचबिंदू बहुधा दुखत नाही, आधी कडेची नजर खातो, आणि गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडत जातात तेव्हाही बराच काळ दिसायला ठीक असते. म्हणूनच मधुमेहींना वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायला सांगतात. ही तपासणी म्हणजे काही दिव्य नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसायचे, मग डॉक्टर प्रखर प्रकाशात आतला पडदा पाहतात. पुढचे काही तास अक्षरे धूसर दिसतात आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून स्कूटर घरी ठेवायची आणि कोणाला तरी सोबत न्यायचे. वहिनींनी एवढेच टाळले, आणि तेही दोन वर्षांसाठी.

नोंद लपवून विम्यात काही पदरात पडते का, तेही पाहू. विमा नियामकाने, म्हणजे इर्डायने, 2020 साली सर्व कंपन्यांना एकाच मसुद्याची ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी काढायला लावली. तिचा मसुदा ज्याला त्याला वाचता येतो. त्यात मोतीबिंदूसाठी 24 महिन्यांची प्रतीक्षा आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा दावा मिळत नाही, आणि ती पॉलिसी घेताना ज्याचे डोळे ठणठणीत होते त्यालाही लागू आहे. म्हणजे लपवले तरी दोन वर्षे सुटत नाहीत. अर्धे सत्य इतकेच, की आधीपासूनचा आजार जाहीर केला तर त्याची वेगळी प्रतीक्षा लागते, ती 2024 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त 36 महिने असू शकते, आणि दोहोंपैकी मोठी मुदत धरली जाते. या संभाव्य एका वर्षासाठी खोटे लिहून द्यायचे, आणि पुढे रुग्णालयाच्या कागदावर ‘तीन वर्षांपासून धूसर दिसते’ असे आपल्याच तोंडून सांगितलेले उमटले की दावा फेटाळून घ्यायचा, असा हा सौदा आहे. सलग 60 महिन्यांनंतर कंपनीला माहिती लपवल्याची हरकत घेता येत नाही हे खरे, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तेथेही माफी नाही.

याच मसुद्याने दुसरा मुद्दाही निकालात निघतो. आरोग्य विम्यात मोतीबिंदू बसतो. एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मर्यादा आहे; एक लाखाच्या विम्यावर 25,000, दोन लाखांवर 40,000, आणि पाच लाखांवरही 40,000 च. त्यातला 5 टक्के भार आपण उचलायचा. त्याच दिवशी घरी सोडले तरी दावा चालतो. चष्म्याचे पैसे सर्वसाधारण आरोग्य विम्यात मिळत नाहीत आणि 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेचेही नाहीत, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते.

राहिला तो दरमहा 250 रुपयांचा स्वतंत्र विमा. दरवर्षी तपासणी आणि फ्रेमसाठी ठरावीक रक्कम, हा सगळा हिशेब अमेरिकेतला आहे. तिकडे ज्येष्ठांच्या मूळ मेडिकेअर योजनेत चष्म्याच्या नंबरासाठीची नेहमीची तपासणी आणि नेहमीचा चष्मा येत नाही, म्हणून तेथील निवृत्त शिक्षकाला असा विमा घ्यावा की नाही हा प्रश्न खरोखरच पडतो; आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तेथेही मूळ योजनेतच येते. आपल्याकडे असे काही विकायला आले, तर ती विम्याची पॉलिसी आहे की नुसते सवलतीचे कार्ड, हे आधी पाहावे. विम्याच्या कागदावर नियामकाने दिलेला यूआयएन क्रमांक असतो, सवलतीच्या कार्डावर तो नसतो. आणि हिशेब तरी काय आहे? दोन वर्षांत 6,000 रुपये भरायचे आणि त्यातून एखादा चष्मा करायचा, तोही त्यांनी नेमून दिलेल्या दुकानातून. लांबचे-जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचा महाग पडतात हे मी जाणतो. पण तेवढेच पैसे बाजूला टाकले तर मोती चौकातल्या आपल्या नेहमीच्या दुकानदाराशी घासाघीस तरी करता येते.

पासष्टीची भीती जुनी झाली. 1 एप्रिल 2024 पासून वयाची ती अट उरलेली नाही. अर्थात विमा देणे कंपनीवर बंधनकारक नाही आणि प्रीमियम वयाबरोबर चढतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी 29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्र सरकारचे मोफत उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि प्रतीक्षाही नाही. आपल्या जवळचे कोणते रुग्णालय मोतीबिंदूसाठी त्यात आहे, एवढे आधी विचारून घ्यावे. शिवाय 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. करसवलतीबद्दल इतकेच, की 50,000 ही करपात्र उत्पन्नातून मिळणारी जास्तीत जास्त वजावट आहे, वाचलेला कर नव्हे, आणि ती जुन्या करप्रणालीतच मिळते.

ज्यांनी घाईघाईने पैसे भरले असतील आणि हातात खरी पॉलिसी आली असेल, त्यांना ती मिळाल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. त्यासाठी कंपनीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. एजंटाला फोनवर सांगितलेले कोठेही नोंदले जात नाही.