बोटीच्या ट्रेलरला ‘कुठलाही टायर’ चालत नाही

अमेरिकेत बोट बाळगणाऱ्यांमध्ये, त्यांत आपली मराठी मंडळीही आली, एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ‘ट्रेलरचे खास टायर म्हणजे दुकानदारांची लूट. त्याच मापाचे कारचे टायर बसवा, ते जास्त वेगाला चालतात. हवा थोडी कमी ठेवा, बोटीला हादरे बसणार नाहीत. नक्षी शिल्लक असेपर्यंत टायर बदलू नका.’ यातला वेगाचा मुद्दा तेवढा अर्धा खरा आहे, बाकीचा सल्ला धोक्याचा.

माप तेच म्हणून ताकदही तीच, असं नसतं. २०५/७५ आर १४ मापाचा कारचा टायर ३५ पीएसआय हवेच्या दाबाला साधारण १,५०० पाउंड पेलतो. तो ट्रेलरला लावायचा तर अमेरिकी नियमाप्रमाणे त्या क्षमतेला १.१ ने भागावं लागतं, म्हणजे हिशेबाला १,४०० सुद्धा उरत नाहीत. त्याच मापाचा ‘एसटी’, म्हणजे खास ट्रेलरचा टायर लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सीचा असेल तर ५० पीएसआयला १,७६० पाउंड घेतो, डीचा असेल तर ६५ पीएसआयला २,०४०.

आता वजन धरा. माहितीपत्रकातलं बोटीचं वजन बहुधा कोरडं असतं. त्यात इंधन, बॅटरी, नांगर, दोर, कूलर काही नसतं. पेट्रोलचा एक गॅलन सहा पाउंडांचा, तेव्हा ३० गॅलनची टाकी भरली की १८० पाउंड तिथेच वाढले. सगळं मिळून ट्रेलरसकट ३,६०० पाउंड झाले आणि अ‍ॅक्सल एकच असेल, तर सीची जोडी ३,५२० वरच थांबते. थोडा भार पुढच्या गाडीच्या हुकवर जातो खरा, पण सामान दोन्ही बाजूंना कधीच समसमान बसत नाही, म्हणून त्या भरवशावर काठावरचा टायर घेऊ नये. इथे डीच हवा. भरलेली बोट एकदा ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर नेलीत तर अंदाजाची गरजच राहत नाही. मात्र जास्त ताकदीचा टायर लावल्याने ट्रेलरवरच्या माहितीच्या पट्टीवर लिहिलेली एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही.

एसटी सोडून सगळे टायर वर्ज्य आहेत, असं मी म्हणत नाही. पुरेशा क्षमतेचे ‘एलटी’, म्हणजे हलक्या ट्रकचे टायर काही जड ट्रेलरवर चालतात. निर्णय पट्टी वाचून करा. कारच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मऊ असते ती आत बसणाऱ्यांच्या आरामासाठी. ट्रेलरखाली तोच मऊपणा बोटीला डावी-उजवीकडे झुलवतो, आणि मागचं ओझं झुलू लागलं की पुढची गाडीही हातात राहत नाही.

वेगाचं म्हणाल तर ज्या एसटी टायरवर वेगाचं अक्षर नाही, तो ताशी ६५ मैलांचा धरण्याची पद्धत आहे. एल म्हणजे ७५, एम म्हणजे ८१ मैल. असे टायर आता सहज मिळतात. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ चीच मर्यादा आहे.

हवेबाबतच्या सल्ल्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तो समंजस वाटतो. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि भर उन्हात हायवेवर तासाभराने थर सुटू लागतात. एसटी टायरची वर दिलेली ताकद पूर्ण हवेवरचीच आहे. म्हणून निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरा. वाटेत दाब वाढलेला दिसला तरी सोडू नका, तो वाढणारच. साधा रबरी व्हॉल्व्ह मात्र ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. ८० पीएसआयचा ई रेंज टायर घेतलात तर धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

राहिली नक्षी. कारचा टायर झिजून गोटा होतो, तसा बोटीच्या ट्रेलरचा क्वचितच होतो. तो वर्षातले बरेच महिने एकाच जागी उभा राहून, ऊन आणि ओझोन खाऊन म्हातारा होतो. रबरातलं संरक्षक मेण टायर फिरता राहिला तरच पृष्ठभागावर येत राहतं. म्हणून नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदला. टायरवर उमटवलेल्या ‘डीओटी’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहा, ते बनल्याची तारीख सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे अंक अनेकदा एकाच बाजूला असतात, तेव्हा बाहेरून दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाकून पाहा. स्टेपनीचेही तपासा. ती न वापरताच जुनी होते.