बोअर न करता ४०८? तो व्हिडिओ बघून इंजिन उघडू नका

टेक्सासमधल्या भाच्याने परवा एक व्हिडिओ पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, एवढंच करायचं ना?" त्याच्याकडे २००४ची सिल्व्हराडो २५००एचडी पिकअप आहे, ६.० लिटरच्या एलक्यू४ इंजिनाची. हाच व्हिडिओ मग आणखी तिघांकडून आला. दावा थोडक्यात असा (४०८ म्हणजे इंजिनाचं घनइंचातलं आकारमान, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि तो कोरून वाढवणं, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, क्रँक म्हणजे ती धाव फिरण्यात बदलणारा दांडा): "कबाडातलं एलक्यू४ आणा, ४ इंच स्ट्रोकच्या क्रँकचं किट मागवा. बोअर करायची गरज नाही, ड्रिलला बॉल होन लावून सिलिंडर घासा. रिंगा तयारच येतात, किट बॅलन्स केलेलंच असतं, कॉम्प्युटर आपलं आपण जुळवून घेतो. शनिवारी जोडा, रविवारी किल्ली फिरवा, ४०८ तयार."

नाही रे बाबा, एवढंच करायचं नाही.

आधी साधा हिशेब. एलक्यू४चा मूळ बोअर ४.००० इंच, स्ट्रोक ३.६२२ इंच, म्हणजे ३६४ घनइंच. त्यात ४ इंच स्ट्रोकचा क्रँक घातला की ४०२ होतात. ४०८ हा आकडा बोअर ४.०३० इंच केल्यावरच येतो. "बोअर नको" आणि "४०८ तयार" ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून कशी निघतात? ४०८च्या किटमधला पिस्टन जुन्या सिलिंडरपेक्षा ३० थाऊ मोठा असतो (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तो आत जाणारच नाही, आणि बॉल होनने ३० थाऊ लोखंड निघत नाही.

अर्धं खरं एवढंच की ४.००० इंचाचे पिस्टनही मिळतात आणि बोअर धड असेल तर ४०२ बांधता येतं. पण बोअर धड आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये आणि खाली, शिवाय क्रँकच्या रेषेत आणि तिला आडवं, अशी डायल बोअर गेजने सहा मापं घ्यावी लागतात. लाखभर मैल चाललेला सिलिंडर वरच्या रिंगेच्या पट्ट्यात जास्त झिजतो, म्हणजे टेपर येतो, आणि पिस्टनच्या बाजूच्या रेट्याने ओव्हल होतो. बॉल होनचे गोळे लवचीक दांड्यांवर असतात. ते आहे त्या आकारामागे फिरतात. ओव्हल सिलिंडर घासून चकचकीत झाला तरी ओव्हलच राहतो. नवी रिंग त्यात सगळीकडे टेकत नाही, तेल वर चढतं आणि जळका वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो.

रीत अशी आहे. ब्लॉक उकळून धुवायचा आणि भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिकने तपासायची. बोअरिंग ४.०२६ इंचापर्यंत करून शेवटचे ४ थाऊ होनिंगला (दगडाने बारीक घासण्याला) ठेवायचे. होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) लावूनच, कारण हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले की सिलिंडरचा वरचा भाग वाकतो. प्लेट नसताना गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. प्लेटखाली गास्केट आणि बोल्टही तेच हवेत, जे शेवटी लागणार आहेत. शेवटचं माप पिस्टनवरून ठरतं. पिस्टनबरोबर एक कागद येतो, त्यावर स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) कुठे मोजायचा आणि किती मोकळीक ठेवायची ते छापलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या २६१८ मिश्रधातूचा फोर्ज्ड पिस्टन तापला की ४०३२ मिश्रधातूच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त मोकळीक लागते. एवढा एक कागद वाचला असता तरी हा व्हिडिओ निघाला नसता.

"रिंगा तयारच येतात" हे वाक्य सगळ्यात घातक, कारण इथली चूक इंजिन पहिल्यांदा जोरात खेचलं की कळते. फाइल-फिट रिंगा (टोकं घासून बसवायच्या) मुद्दाम लांब येतात. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सरळ ढकलायची आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. ४.०३० बोअरला टर्बोशिवाय वरची रिंग साधारण १८ थाऊ, दुसरी २०. टर्बो किंवा सुपरचार्जर लावणार असाल तर वरची २४च्या आसपास. फट कमी पडली की तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला फुगायला जागा उरत नाही, ती सिलिंडरला चावते आणि पिस्टनचा वरचा काठ उचलून तोडते. मग ब्लॉकही पुन्हा बोअर करायला जातो. आठ सिलिंडरांच्या सोळा रिंगा घासायला दुपार जाते. ती दुपार वाचवायची नसते.

बॅलन्सचं म्हणाल तर काही किट खरंच बॅलन्स केलेली येतात, हे मान्य. पण मग ग्रॅममध्ये बॉबवेट (पिस्टन-रॉडऐवजी क्रँकवर लावायचं वजन) लिहिलेलं कार्ड मागा. दोन्ही रॉडची मोठी टोकं, बेअरिंग आणि तेलाचा अंदाज पूर्ण धरायचा. पिस्टन, गजन पिन, रिंगा आणि रॉडची लहान टोकं निम्मी धरायची. तेवढं वजन प्रत्येक क्रँकपिनवर लावून क्रँक फिरवतात. जड भरला तर काउंटरवेटला भोक पाडतात, हलका भरला तर टंगस्टन ठोकतात. कार्ड नसेल तर फक्त खोक्यावरच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. आणि ६,५०० आरपीएमला हा पिस्टन वरच्या टोकाला मूळ इंजिनापेक्षा सुमारे १३ टक्के जास्त त्वरणाने उलटा फिरतो.

कॉम्प्युटरबद्दल फार लिहीत नाही. हवा मोजणारा सेन्सर असल्यामुळे आयडलवर आणि सावकाश चालवताना तो थोडंफार सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला ट्यून करावंच लागतं. ४५० हॉर्सपॉवर हवी असेल तर तासाला ३३ पौंडांच्या आसपास पेट्रोल देणारा इंजेक्टर लागतो, मूळ इंजेक्टर कमी पडतात. हेडही बघा. मूळ ७१ सीसी चेंबर (हेडमधली ज्वलनाची जागा) आणि सपाट पिस्टन धरले तर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ११च्या वर जातं. "५.३ लिटरच्या इंजिनाचे हेड लावा" असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, ६१ सीसीच्या चेंबरने ते १२.५ होतं आणि पंपावरच्या पेट्रोलवर इंजिन ठोके देतं (नॉकिंग).

भाच्याच्या २००४च्या गाडीला २४ दातांचं रिलक्टर चाक (क्रँकवरचं दातेरी चाक, ज्यावरून कॉम्प्युटरला क्रँकची जागा कळते) लागतं. नंतरच्या इंजिनांचं ५८चं चाक असलेला क्रँक आला तर गाडी सुरूच होणार नाही. शिवाय ४ इंच स्ट्रोकला रॉडचे बोल्ट विंडेज ट्रेला (क्रँकखालचा तेल अडवणारा पत्रा) लागतात, म्हणून ट्रेखाली वॉशर घालून क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघायचा.

आता "रविवारी किल्ली फिरवा". होनिंगनंतर ब्लॉक केरोसीनने पुसून चालत नाही. होनच्या दगडाची पूड रेघांमध्ये बसून राहते आणि तीच नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन घासा, वाळवा, मग तेल लावलेलं पांढरं फडकं सिलिंडरमध्ये फिरवा. फडक्यावर राखाडी डाग आला की पुन्हा धुवा. ब्लॉकच्या मागच्या झाकणाआड तेलाच्या वाटेत प्लॅस्टिकची एक डंबेलसारखी कांडी असते. ती धुताना काढली आणि परत घालायची राहिली तर तेल फिल्टर चुकवून जातं. तेलाच्या पंपाच्या सक्शन पाइपची ओ-रिंग बसवताना चिमटली तर पंप हवा ओढतो आणि दाब येत नाही.

म्हणून आधी दाबाच्या टाकीतून ब्लॉकमध्ये तेल भरायचं. नंतर प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टरने थोडं थोडं फिरवायचं. गेजवर दाब दिसेपर्यंत प्लग लावायचे नाहीत.