वाचलेलं लिहून काढायचं ठरवलंय

एम.ए.ला आल्यापासून आपण लई वाचतोय असा माझा समज होता. विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीतून पुस्तकं आणायची, हवी ती प्रकरणं झेरॉक्स करायची, पेन्सिलने रेघा मारायच्या, फारच पटलं तर बाजूला चांदणी, की झालं वाचून. मागच्या महिन्यात तो समज उतरला आणि उतरवला कोणी तर रूममेटने, जो एमपीएससी करतोय आणि "हे कुठल्या पेपरला आहे?" एवढंच विचारतो.

सदाशिव पेठेतल्या आमच्या रूमवर मी संस्कृतीकरण वाचत बसलेलो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी १९५२ च्या, कर्नाटकातल्या कूर्ग लोकांवरच्या पुस्तकात मांडलेली कल्पना. त्याला झोकात समजावलं, की खालच्या समजल्या गेलेल्या जाती एकदोन पिढ्यांत मांस-दारू सोडतात, वरच्यांचे विधी उचलतात आणि जातींच्या उतरंडीत वरची जागा मागतात. तो चहा गाळता गाळता म्हणाला, "मग आमच्या आज्याने मटण सोडून माळ घातली, ते यात बसतं का?"

मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. कारण माळ घालणारा काही ब्राह्मणाची नक्कल करत नसतो, दिंडीत सगळ्या जातींचे माळकरी असतात, पण माळ घातल्यावर गावात मान वाढतो हेही खरंच ना, मग ती भक्ती की वर सरकणं की दोन्ही? चाळीस पानांची झेरॉक्स, सगळीकडे रेघा, आणि उत्तराला एक ओळ सापडेना.

त्या रात्री लिहायला बसलो. पहिलं पान म्हणजे श्रीनिवासांचीच वाक्यं, मराठीत. दुसरं पान "पण"वर अडकलं. पेन्सिलने रेघ मारताना असा "पण" मला कधीच आडवा आला नव्हता. म्हणून आता दर रविवारी वाचलेल्यावर इथे लिहिणार, अर्धकच्चं असलं तरी.

एक सिनियर म्हणाला, आधी पीएचडी होऊ दे, मग लिही. ही आपली खास पुणेरी अट, आधी विद्वान व्हा मग तोंड उघडा. अरे, लोकहितवादी याच पुण्याचे, जन्म १८२३ चा, आणि १८४८ मध्ये 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजसुधारणेवरची शतपत्रं सुरू केली तेव्हा वय पंचविशीचं. नोकरी सांभाळून १०८ पत्रं! (तुलना करत नाहीये, कमेंटमध्ये येऊ नका. माझ्याकडे तर नोकरीही नाही.)

तर पहिला लेख माळेवरच. रूममेटने काल घरी फोन करून आज्जीला विचारलं, आज्याने माळ का घातली म्हणून. ती म्हणाली, "डाक्टरनी मटन बंद केलंतं बीपीमुळं. मग म्हनले, सोडायचंच हाय तर माळच घालतो."

आता हे श्रीनिवासांच्या कुठल्या पानावर लिहू?