काकांचा तिसरा एव्हरेस्ट

दिल्लीहून काठमांडूला जाताना डावीकडे बसायचं असतं. विमान पूर्वेकडे निघतं, हिमालय उत्तरेला. हवा स्वच्छ असली तर धवलागिरी, अन्नपूर्णा, मनासलू ही आठ हजार मीटरच्या वरची मंडळी ओळीने दर्शन देतात. एवढा अभ्यास करून मी डावीकडची खिडकीची सीट घेतली. वर त्याचे वेगळे पैसे भरले. पैसे गेले, सीट मिळाली, खिडकी तेवढी नव्हती.

चेष्टा नाही. पुढच्या रांगेला खिडकी, मागच्या रांगेला खिडकी, आणि माझ्या खांद्याशी सलग, गुळगुळीत भिंत. काही विमानांत त्या जागी वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर छताकडे नेलेली असते, म्हणून तिथे मुळात खिडकी ठेवतच नाहीत. कारण पटण्यासारखं आहे. पण मग ती नळी सीट विकणाऱ्यांना माहीत नसते का? हवाई सुंदरीला भिंत दाखवली. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी हवंय का विचारलं.

पुढच्या सीटवर, म्हणजे ज्यांच्या वाट्याला धडधडीत अख्खी खिडकी आली होती तिथे, एका यात्रा-सहलीतले काका होते. गळ्यात सहलवाल्यांचं ओळखपत्र, कानात कापसाचे बोळे. मी पुढे वाकून, गाल भिंतीला घासून, त्यांच्या सीटच्या फटीतून बाहेर बघायचा प्रयत्न केला तर बरोबर तो कान आडवा यायचा. त्या दिवशी हिमालयाच्या वाटेवर मला दिसलेली पांढरी वस्तू म्हणजे तो बोळा.

काकूंची सीट पलीकडच्या रांगेत आली होती. त्यामुळे समालोचन मोठ्याने.

"अगं, एव्हरेस्ट!"

"फोटो काढा. आणि हात जोडा."

पाच मिनिटांनी पुन्हा, "अगं, आणखी एक एव्हरेस्ट!"

"मघाचा नव्हे?"

"मघाचा मागे गेला. हा मोठाय."

तिसरा एव्हरेस्ट आला तेव्हा मला राहवेना. सह्याद्रीत हिंडणाऱ्या माणसाला एक खोड असते. डोंगराचं नाव कुणी चुकवलं की त्याच्या पोटात दुखतं. कळसूबाईला कुणी साल्हेर म्हटलं तरी आम्ही भांडतो. फटीतून म्हटलं, "काका, एव्हरेस्ट काठमांडूच्याही पुढे, पूर्वेला दीडशेएक किलोमीटरवर आहे. आपण अजून पश्चिमेला आहोत. हा धवलागिरी असणार."

काकांनी एका कानातला बोळा काढला. "काय म्हणालात?"

"धवलागिरी. ८,१६७ मीटर."

"तुम्हाला दिसतोय का?"

"नाही. मला खिडकी नाहीये."

"मग?" असं म्हणून त्यांनी बोळा परत बसवला.

या 'मग'वर मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यातल्या राधानाथ सिकदारांनी एव्हरेस्टच्या उंचीचं गणित केलं ते शिखरावर जाऊन नव्हे. नेपाळात सर्वेक्षणवाल्यांना प्रवेशच नव्हता. तराईच्या बाजूने, लांबून घेतलेले कोन आणि त्यावरची कागदावरची आकडेमोड. १८५६ मध्ये आकडा जाहीर झाला, २९,००२ फूट. २०२० मध्ये सगळी आधुनिक उपकरणं लावून उंची ठरली ८,८४८.८६ मीटर, म्हणजे फरक तीसएक फुटांचा. सिकदारांना कुणी विचारलं नाही, "तुम्हाला दिसतोय का?" नाव मात्र त्यांचंही दिलं नाही, साहेबाचं दिलं. ते असो.

काकांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनाही काही दशकं धवलागिरीच जगातला सर्वांत उंच वाटत होता. म्हणजे काका चुकले नव्हते, त्यांना उशीर झाला होता.

यानंतर जे झालं ते मी अजून माफ केलेलं नाही. मनासलूची वेळ झाली असेल-नसेल, काकांनी खट्‌कन खिडकीचं झाकण खाली ओढलं. मला वाटलं ऊन लागलं. पण उत्तरेच्या खिडकीत ऊन कुठलं? फटीतून पाहिलं तर काका मोबाईलवर मघाशी काढलेले डोंगराचे फोटो बघत होते. बाहेरच्या उजेडात स्क्रीन नीट दिसत नव्हता म्हणे. बाहेर डोंगर चालू होता. काठमांडूच्या आभाळात गर्दी म्हणून आम्ही वीस मिनिटं घिरट्या घातल्या, त्याही झाकण लावून. उतरायच्या आधी हवाई सुंदरीने झाकण उघडायला लावलं तेव्हा खाली विटांच्या भट्ट्या होत्या.

पैसे परत मागितले. उत्तर आलं की आकारलेली रक्कम ही 'पसंतीच्या जागेची' आहे, दृश्याची हमी दिली जात नाही. दृश्य कोण मागतंय? ढग आले असते तर निमूट बसलो असतो. मी काच मागतोय, बाबांनो. काच!

सामानाच्या पट्ट्यापाशी काका स्वतःहून आले. "तुम्हाला दिसलं नाही ना? नंबर द्या, पाठवतो." भला माणूस. दिला. तेव्हापासून रोज पहाटे 'शुभ सकाळ' येतं. धवलागिरी काही येत नाही. काल फुलांच्या चौकटीत एक बर्फाच्छादित डोंगर आला, खाली लिहिलेलं, 'आपला हिमालय'. मी लगेच कळवलं, "काका, हा जपानचा फुजी."

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग उत्तर: "तुम्ही गेला होतात का?"