रोटरी, नायट्रस आणि मे महिन्यातली डिक्की : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी "रोटरी इंजिनावर नायट्रस लावूच नका" असं लिहिलं, त्यावर तुम्ही चिडलात. (रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन; नायट्रस म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनात सोडतात तो नायट्रस ऑक्साइड वायू.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रोटरीत व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, मग तुटायला आहेच काय? बाहेरदेशात लोक शंभराचा शॉट, म्हणजे शंभर हॉर्सपॉवर वाढवणारा नायट्रस, बिनधास्त मारतात. मी एक आकडा देत नाही, नुसता घाबरवतो. आणि नागपुरात रोटरी गाड्या आहेतच किती, मग हे लिहून कोणाचं भलं होणार?

आकड्यांचं तुमचं बरोबर आहे. "लावूच नका" हे वाक्य मी मागे घेतो. आकडे न देता मनाई करणं चूकच होतं. टायमिंगबद्दल, म्हणजे प्लगची ठिणगी केव्हा पडावी याबद्दल, मी तिथे लिहिलेला नियमही पिस्टन इंजिनाचा होता, तो रोटरीला जसाच्या तसा लावू नका. पण "तुटायला आहेच काय" याचं उत्तर मात्र मला नीट द्यायचं आहे, कारण तुटलेलं मी हातात धरलं आहे.

नागपुरात परतण्याआधी मी शारजाच्या एका गॅरेजात सहा वर्षं काम केलं. तिथे एक आरएक्स-८ आली, माझदाची रोटरी गाडी. वेट किट, म्हणजे नायट्रससोबत जादा पेट्रोलही फवारणारं. पेट्रोलच्या सोलेनॉइडचा (विजेवर उघडणाऱ्या वॉल्वचा) फ्यूज उडाला होता, नायट्रसचा शाबूत होता. मालकाने बटण दाबलं, गाडीने एक झेप घेतली आणि मग आयडलला लंगडू लागली. इंजिन उघडलं तर पुढच्या रोटरच्या एका एपेक्स सीलचे तीन तुकडे झालेले. हा सील म्हणजे रोटरच्या टोकावर बसणारी दोन मिलिमीटर जाडीची पट्टी. एक तुकडा खाचेतच अडकलेला, बाकीचे एक्झॉस्टमधून गेलेले, पण जाताना हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, क्रोमवर ओरखडा ओढून गेलेले. डोळ्यांना तो नीट दिसत नव्हता. त्यावरून नख फिरवलं की नख अडत होतं. नख अडलं म्हणजे हाउसिंग गेलं.

हे किती वेळात झालं असेल याचा हिशोब करा. रोटर एक्सेंट्रिक शाफ्टच्या (क्रँकशाफ्टच्या जागी असलेल्या दांड्याच्या) एक तृतीयांश वेगाने फिरतो, पण त्याला तीन बाजू आहेत. म्हणून शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा पेट घेतो. दोन रोटरच्या १३बी इंजिनात ६००० आरपीएमला सेकंदाला २०० स्फोट होतात. पिस्टन इंजिन पुष्कळदा थोडं नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सोसतं, आवाज देतं, तुम्ही पाय काढता. रोटरीत तो आवाज कानापर्यंत येईस्तोवर सील गेलेला असतो. शिवाय रोटरीत पेट नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला होतो. पिस्टनच्या सिलिंडरात त्याच जागी पुढच्या इनटेक स्ट्रोकला थंड मिश्रण येतं, इथे प्लगच्या बाजूला ते कधीच येत नाही. व्हॉल्व्ह नाहीत हे खरं. पण रोटरच्या टोकांवरच्या ज्या तीन पट्ट्यांवर कॉम्प्रेशन टिकून आहे, त्यातली एक तुटली तर तिची कसर कशानेही भरून निघत नाही.

नायट्रस स्वतः जळत नाही, हेही इथेच सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत "जळणारा गॅस" असं आलं आहे. इंजिनातल्या उष्णतेत त्याचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. वजनाने त्यात ३६ टक्के ऑक्सिजन आहे, हवेत २३. म्हणजे नायट्रस टाकला की आपण इंजिनाला जादा पेट्रोल जाळायची सोय करून देतो. ते जादा पेट्रोल पोचलं नाही, तर मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि सील त्यातच तुटतो.

आता नागपूरचं. इथे माझा आणि बाहेरदेशातल्या मंडळींचा रस्ता वेगळा होतो.

थंड देशात नायट्रसच्या बाटलीला हीटर लावतात, कारण बाटली गार पडली की दाब घटतो. जेटची (नायट्रस आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोट्यांची) भोकं साधारण ९०० ते ९५० पीएसआय धरून निवडलेली असतात, आणि तो दाब बाटली ३० अंशांच्या आसपास असताना मिळतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे १२ अंश असतं, तेव्हा दाब जेमतेम ६०० पीएसआयच्या वर. नायट्रस कमी, पेट्रोल तेवढंच, गाडी रिच (पेट्रोल जास्त) होऊन मंद वाटेल. त्यात फार नुकसान नाही. मे महिन्यात मात्र बाहेर ४५, बंद डिक्कीत त्याहून जास्त. नायट्रसचं क्रांतिक तापमान ३६.४ अंश आहे. त्याच्या वर गेल्यावर बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. दाब किती चढेल हे बाटली किती भरली आहे त्यावर ठरतं. मग कोणतं जेट किती सोडेल याचा भरवसा संपतो. ज्याने गारठ्यात ट्यून करून १०० चा शॉट मारला, त्याचे जेट इथे मे महिन्यात जसेच्या तसे बसवले, तर तुमचं इंजिन लीन होईल, आणि चूक त्याचीही नसेल, तुमचीही नसेल.

मागच्या उन्हाळ्यात हिंगण्याच्या शेडमध्ये एका हौशी गिऱ्हाइकाच्या आरएक्स-८ वर किट बसवत होतो. ट्रॅकवर नेण्याआधी फक्त बाटली आणि वायरिंग तपासायचं होतं. दुपारी दोनला गेजचा काटा १२०० च्या पुढे. वॉल्व बंद ठेवून बाटली बाहेर काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि खसच्या कुलरसमोर आडवी ठेवली. आपली हवा मे महिन्यात कोरडी असते, म्हणून ओलं कापड इथे भरपूर गारवा देतं. मुंबईत हे इतकं जमलं नसतं. पाऊण तासात काटा ९५० ला आला. बाटली उन्हात सोडायची नाही, आणि गार झालेली तापवायला ज्योत कधीच लावायची नाही. फिटिंगला तेल-ग्रीस लावायचं नाही, नायट्रसच्या दाबाखाली ते पेटू शकतं. सेफ्टी डिस्कची (दाब फार चढला की फुटणाऱ्या चकतीची) नळी गाडीबाहेर सोडायची, नाहीतर गळती झाली तर केबिनमधला माणूस गुदमरेल.

दवाखान्याच्या निळ्या सिलिंडरमधून बाटली भरून आणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाटली वजन करूनच भरायची असते, अंदाजाने भरलेली बाटली डिक्कीत मे महिन्यात काय करेल हे वर सांगितलंच. गॅस सिलिंडरचे नियम ज्या पेसोकडे (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेकडे) आहेत, तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो, तेव्हा नायट्रस ट्रॅकसाठीच.

मग आकडे. सुरुवात ३५ ते ५० हॉर्सपॉवरने, तेही वेट किटच. मी स्वतः स्टॉक इंजिनावर ५० च्या पुढे गेलेलो नाही. फॉगर, म्हणजे नायट्रस-पेट्रोल फवारणारा नॉझल, दोन्ही रोटरना सारखा मिळेल असा बसवा. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल आणि आरपीएम ४००० च्या वर असेल तेव्हाच सोलेनॉइड उघडावा, रेव्ह लिमिटरच्या बऱ्याच आधी बंद व्हावा. पेट्रोलचा दाब घसरला की नायट्रस तोडणारा स्विच हवाच. शारजाच्या गाडीत फ्यूज वेगवेगळे होते, म्हणून एक उडाला तरी दुसरा चालू राहिला. दोन्ही सोलेनॉइड एकाच फ्यूजवर घ्या. प्लग एक नंबर गार घ्या. लीडिंग आणि ट्रेलिंग (प्रत्येक रोटरचे दोन प्लग) दोन्हींचं टायमिंग मागे घ्या, पण त्यांच्यातलं अंतर कमी करू नका. आणि खूप मागेही नको, एक्झॉस्टचं तापमान चढतं. मिक्श्चर मी ११ ते ११.५ (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा, वजनाने) धरतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरदेशातले लोक सांगणार नाहीत. आपल्या पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोल धरून निवडलेला पेट्रोलचा जेट त्यावर सुमारे ७-८ टक्के लीन पडतो. किटवरच्या तक्त्यात तो वाढवून घ्या. टाकीत लिटरला ७ मिली टू-स्ट्रोक तेल मी नेहमी घालतो, सील कोरडे पडू नयेत म्हणून.

नागपुरात रोटरी थोड्या आहेत, मान्य. म्हणूनच लिहितो. जिथे दहा जण करतात तिथे दहाव्याला नऊ जण सांगतात. इथे एकट्याला कोण सांगणार?

तुम्ही किट मागवणार असं लिहिलं आहे. त्याआधी रोटरीच्या टेस्टरवर कॉम्प्रेशन बघा, गरम इंजिनावर, २५० आरपीएमला. आरएक्स-८ साठी रोटरच्या प्रत्येक बाजूला किमान ६.९ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवं, एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरमध्ये १ पेक्षा जास्त नको. एका रोटरच्या शेजारच्या दोन बाजू कमी दिसल्या, तर मधला सील संशयात घ्या. ते सहा आकडे मला पाठवा, मग जेटचं बोलू.