युनायटेडचा सौदा आणि आमच्या गावचं घर

परवा आमच्या मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर परत कोणीतरी टाकलं, "ग्लेझर (म्हणजे क्लबचे मालक) विकतायत म्हणे, या वेळी पक्कं." दहा मिनिटांत पन्नास मेसेज. मी काही लिहिलं नाही, पण डोक्यात ते सगळं परत सुरू झालं, म्हणून इथे लिहून काढतोय. पोस्ट मोठी आहे, फुटबॉल बघत नसाल तरी वाचा, कारण यात फुटबॉलपेक्षा घरजमीनच जास्त आहे.

22 नोव्हेंबर 2022. कतारमध्ये वर्ल्डकप सुरू होऊन दोनच दिवस झालेले, त्याच दिवशी रोनाल्डो क्लबमधून गेला आणि काही तासांत मँचेस्टर युनायटेडचं पत्रक आलं की आम्ही 'सगळे पर्याय' तपासतोय, विक्रीसुद्धा. आम्ही सतरा वर्षं हे ऐकायला थांबलो होतो. 2005 मध्ये माल्कम ग्लेझरने क्लब घेतला तो साधारण 790 दशलक्ष पौंडांना, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे घर घेताना घराच्याच भाड्यातून हप्ते फेडायचे, स्वतःच्या खिशाला फार तोशीस नाही. ज्या क्लबवर कर्ज नव्हतं तो व्याज भरायला लागला. तेव्हा काही लोकांनी वेगळा क्लबच काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. 2010 मध्ये निषेध म्हणून स्टेडियम हिरव्या-पिवळ्या मफलरांनी भरलं, न्यूटन हीथच्या, म्हणजे क्लबच्या मूळ नावाच्या काळातल्या, रंगांनी. मे 2021 मध्ये, सुपर लीगच्या प्रकरणानंतर (मोठ्या क्लबांनी आपली वेगळी स्पर्धा काढायचा घाट घातला होता), लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलची मॅच त्या दिवशी झालीच नाही. एवढा राग साठलेला, आणि अचानक विक्रीची पाटी लागली. मी त्या रात्री झोपलो नाही, खरं सांगतो.

आणि मग सुरू झाले ते जवळजवळ पंधरा महिने.

पहिली मुदत 17 फेब्रुवारी 2023. दोन स्थळं आली असं म्हणूया. एक कतारचे शेख जासिम, त्यांची नाइन टू फाउंडेशन, शंभर टक्के क्लब घेणार, सगळं कर्ज फेडणार. दुसरे जिम रॅटक्लिफ, इनिओस या रसायन कंपनीचे मालक, मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचे, लहानपणापासून युनायटेडचे. ग्रुपचे दोन तुकडे पडले. चांगले पंधरा-पंधरा वर्षांचे मित्र एकमेकांना वाट्टेल ते बोलले. एक म्हणायचा पैसा कुठून येतो ते बघणार की नाही, कतारमधल्या मजुरांचं काय ते बघणार की नाही, दुसरा म्हणायचा मग ग्लेझरच बरे का तुला. दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही दुखत होतं.

आमच्या ग्रुपमध्ये रत्नागिरीकडचा एक मित्र आहे, तो तेव्हा दोह्यात एसी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. त्याला रोज पाच जण विचारायचे, काही कळलं का रे तिकडे. तो बिचारा ड्युटीवरून येऊन प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचा की नाही बाबा, इथल्या पेपरातपण तेच आहे जे तुम्ही वाचताय. मार्चमध्ये कतारचं शिष्टमंडळ ओल्ड ट्रॅफर्ड, म्हणजे युनायटेडचं स्टेडियम, बघायला गेलं, दुसऱ्या दिवशी रॅटक्लिफ गेले, तर आमच्यातला एक जण दोन दिवस ऑफिसात कुठलं विमान कुठे चाललंय ते दाखवणारं अ‍ॅप उघडून बसला होता. मी स्वतः रोज रात्री आठला (तिकडे उन्हाळ्याची वेळ लागल्यावर सातला) न्यूयॉर्कचा बाजार उघडला की युनायटेडच्या शेअरचा भाव बघायचो. एक शेअर माझ्याकडे नाही, आयुष्यात असणारही नाही. भाव वर गेला की वाटायचं काहीतरी शिजतंय, पडला की जेवण गोड लागायचं नाही. सप्टेंबरमध्ये विक्री बारगळणार अशी बातमी आली आणि एका दिवसात शेअर 18 टक्के पडला, त्या रात्री बायकोने विचारलं घरी कोणी आजारी आहे का.

सगळ्यात वाईट वाटतं ते 26 फेब्रुवारीच्या रात्रीचं. लीग कपची फायनल, न्यूकॅसलशी. ल्यूक शॉची फ्री किक, कॅसेमिरोचं हेडर, 1-0, मग दुसरा गोल. सहा वर्षांनी पहिली ट्रॉफी! आणि मी आत्ता ग्रुपवर मागे जाऊन बघितलं, गोलनंतरच्या चौथ्या मेसेजला विषय बदललेला, "आता किंमत वाढणार, शेखना जास्त द्यावे लागणार." चौथ्या मेसेजला! आपल्या टीमने कप जिंकला आणि आपण सौद्याच्या गप्पा मारतोय.

आता मूळ मुद्दा. आम्ही सगळे पंधरा महिने बघत होतो घेणाऱ्यांकडे. हे किती देणार, ते किती देणार, पाचवी ऑफर शेवटची की सहावी येणार. आणि गोष्ट होती विकणाऱ्यांची. माल्कम ग्लेझर 2014 ला गेला, मागे सहा मुलं. अ‍ॅव्हराम, जोएल, ब्रायन, केव्हिन, एडवर्ड आणि डार्सी. बातम्यांत सतत यायचं की अ‍ॅव्हराम आणि जोएलला, म्हणजे जे दोघे कारभार बघतात त्यांना, सोडायचं नाहीये आणि बाकी चौघांना मोकळं व्हायचंय. अरे ही तर भाऊबंदकी! शुद्ध, आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात सापडेल अशी. मराठी माणसाला हे पहिल्या दिवशी ओळखता यायला हवं होतं, आणि आम्ही बँकांची नावं पाठ करत बसलो.

आमच्या गावी आजोबांचं घर आहे. आजोबा गेले, उताऱ्यावर पाच नावं लागली, चार भाऊ एक आत्या. गिऱ्हाईक आलं मुंबईचं, भाव चांगला देत होतं, इसार द्यायला तयार. दोन काकांना हवे होते पैसे, आत्याला पण. माझ्या वडिलांना आणि धाकट्या काकांना घर सोडवत नव्हतं, पण सरळ नाही म्हणायची हिंमतपण नव्हती, मग दर वेळी भाव थोडा वाढवून सांगायचे. गिऱ्हाईक हो म्हणालं की अजून थोडा. अकरा महिने. सह्यांसाठी तीन वेळा तारीख ठरली आणि तीनही वेळा कोणीतरी आलंच नाही. शेवटी ते गिऱ्हाईक कंटाळून गेलं, आणि मग ज्यांना पैसे हवे होते त्यांनी आपल्या हिश्श्यातला तुकडा दुसऱ्यालाच दिला. आता अंगणाच्या मधून गडगा आहे, दगडी बांध.

शेख जासिमचं काय झालं? 14 ऑक्टोबर 2023 ला माघार. आणि 24 डिसेंबरला जाहीर झालं की रॅटक्लिफ 25 टक्के घेणार, 33 डॉलर एका शेअरला, जेव्हा बाजारात भाव वीसच्या आसपास होता. सहाही भावंडांना पैसे मिळाले, कोणालाही घर सोडावं लागलं नाही, फुटबॉलचा कारभार नव्या भागीदाराकडे. 20 फेब्रुवारी 2024 ला व्यवहार पूर्ण. बातमी वाचताना मला तो गडगाच दिसत होता.

आणि बघा, चेल्सी 2022 मध्ये विकला गेला, युनायटेडच्या विक्रीला होती तीच रेन नावाची बँक तिथे होती, मार्चमध्ये मालक अब्रामोविच या रशियन धनाढ्यावर निर्बंध आले आणि मे संपायच्या आत क्लब दुसऱ्याच्या नावावर. कारण तिथे सही एकाची होती आणि मागे सरकार उभं होतं. बँक तीच, देश तोच. वेळ लागतो तो हिस्सेदारांमुळे.

गावच्या घरात मागच्या पडवीत एक म्हातारी राहायची, आजोबांच्या वेळेपासून. घर झाडायची, दिवा लावायची, पावसाआधी कोणाला तरी बोलावून कौलं चाळून घ्यायची. ते अकरा महिने कोणी तिला शंभर रुपये पाठवले नाहीत कौलांसाठी, विकायच्या घरावर कोण खर्च करतो. पाऊस आला, माजघरात पाणी. आम्ही कोणीही गेलो की ती एवढंच विचारायची, "काय ठरलं?" तिचं नाव उताऱ्यावर कुठेच नव्हतं.

12 मे 2024, ओल्ड ट्रॅफर्ड, आर्सेनलशी मॅच. मॅचनंतर जोरदार पाऊस आणि स्टेडियमच्या छतावरून पाण्याची धार खाली स्टँडमध्ये. तो व्हिडिओ जगाने हसत बघितला. मला नाही हसता आलं.

म्हणून माझं मत असं झालंय की शेख की रॅटक्लिफ हा प्रश्नच अपुरा होता. आपण एवढं भांडलो की घर कोणाच्या नावावर होणार, आणि राहणाऱ्याचा काही हक्क आहे का हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे 1948 चा कूळकायदा झाला, कसेल त्याची जमीन, त्यात कितीही घोळ झाले असतील तरी कसणाऱ्याला कागदावर जागा मिळाली. जर्मनीत फुटबॉलला तसंच काहीतरी आहे, 50 अधिक 1 चा नियम, एखाद-दोन अपवाद सोडले तर मतांची बहुसंख्या सभासदांकडे, पैसेवाला कितीही मोठा असो. इंग्लंडमध्ये 2025 ला कायदा झालाय, स्वतंत्र नियामक नेमलाय, मालकाची तपासणी होणार, क्लबचा बिल्ला किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांना विचारावं लागणार. थोडंच आहे, पण आहे. आणि युनायटेडच्याच लोकांनी पूर्वी करून दाखवलंय, 1998 मध्ये माध्यमसम्राट मर्डॉकच्या स्काय टीव्ही कंपनीने 623 दशलक्ष पौंडांना क्लब घ्यायचं ठरवलं होतं, चाहते संघटित झाले, चौकशी आयोगापुढे गेले, एप्रिल 1999 मध्ये सरकारने सौदा अडवला. पुढच्या महिन्यात टीमने तीन ट्रॉफ्या घेतल्या. ते लोक विमानं मोजत नव्हते, अर्ज लिहीत होते.

रॅटक्लिफ आले म्हणून सगळं सुधारलं असंही नाही. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सीझन मध्यावर असताना उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंड केली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. 2024-25 ला लीगमध्ये पंधरावा नंबर. घरचा माणूस आला म्हणून आम्ही अर्धे जण खूश होतो, मी त्यातलाच.

आता परत ग्रुप पेटलाय, कारण त्या करारात म्हणे असं कलम आहे की दीड वर्षानंतर ग्लेझरांनी पूर्ण क्लब विकायचं ठरवलं तर रॅटक्लिफना पण आपला हिस्सा विकायला लावता येतो. ती दीड वर्षं ऑगस्ट 2025 ला संपली. दोह्याचा मित्र आता चिपळूणला आलाय कायमचा, तरी काल त्याला दोघांनी विचारलंच.

मँचेस्टरला राहणारे, मॅचला जाणारे कोणी मराठी लोक ही पोस्ट वाचत असतील तर एक सांगा, त्या स्टँडचं छत दुरुस्त झालं का? फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका.