खुलासा : जपानमधली म्हातारी माणसं रोबोटच्या हवाली केलेली नाहीत

अस्वलाच्या तोंडाचा पांढरा रोबोट एका बाईंना उचलून घेतोय, आणि खाली मजकूर : ‘जपानमध्ये वृद्धांची सेवा आता रोबोटच करतात, माणसांची गरज संपली.’ हा मेसेज गटागटांतून फिरतोय. तो खरा नाही.

फोटोतला रोबोट म्हणजे ‘रोबेअर’. रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये दाखवलेला प्रायोगिक नमुना. तो बाजारात कधी आलाच नाही.

वृद्धाश्रमांत खरोखर वापरला जातो तो ‘पारो’, सीलच्या पिल्लासारखा, मऊ केसांचा, साधारण पावणेतीन किलोचा. मांडीवर घेतला की तान्ह्या बाळाएवढा भार जाणवतो. कुरवाळलं की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो. चार्जरसुद्धा बाळाच्या चोखणीसारखा, तोंडात द्यायचा. पण तो कुणाला उठवून बसवत नाही, गोळ्या देत नाही, अंघोळ घालत नाही.

मग उपयोग काय? ऑस्ट्रेलियात स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ जणांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पारोमुळे माणसं जास्त बोलती झाली, रमली. मात्र बंद केलेल्या, साध्या खेळण्यासारख्या पारोनेही थोडाफार फरक पडला, हेही त्यातच नोंदलंय. मला ही नोंद फार मोलाची वाटते.

आणि माणसांची गरज संपली म्हणता? सेवेच्या कामासह कुशल कामगार मिळावेत म्हणून जपानने जानेवारी २०२१ मध्ये भारताशी करार केलाय. कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. घरातली म्हातारी माणसंही तो वाचतात.